सिस्टर आणि नव्या बाई

सिस्टर कुत्र्यांना अहोजाहो करत आणि मला अगंतुगं. त्यांच्याकडं भाड्यानं राहायला गेले त्या पहिल्याच दिवशी हे लक्षात आलं. मी पत्र्याची पेटी घेऊन दारात उभी होते. आतून आवाज आला, "अहो, जरा सरकता का? पोरगी आलीय, तिला आत येऊ द्या." मला वाटलं, आत कुणी वयस्कर माणूस बसलंय. मी ओढणी सारखी केली, नमस्काराची तयारी ठेवली. दार उघडलं तर समोर एक म्हातारी लॅब्रॅडोर कुत्री आडवी पडलेली. एका डोळ्यात मोतीबिंदू. ती सावकाश उठली, दोन पावलं सरकली आणि पुन्हा बसली. "आभारी आहे," सिस्टर तिला म्हणाल्या. मग माझ्याकडं वळून, "तू काय खांबासारखी उभी राहिलीस? ये आत. चपला तिथं काढ. आणि पोत्यावरून चाल."

पोत्यावरून म्हणजे काय, ते आत गेल्यावर कळलं. गारखेड्यातलं दोन खोल्यांचं घर, गच्चीवर भाड्याची एक खोली. खाली सगळीकडं गुळगुळीत पांढरी फरशी, आणि त्या फरशीवर पोत्यांचे रस्ते. एकाला एक शिवलेली पोती पलंगापासून स्वयंपाकघरात, तिथून मोरीपर्यंत, मोरीपासून मागच्या दाराला गेलेली. आमच्या गावाकडं माळावर पायवाटा असतात तशा. सिस्टर शहागंजातल्या एका धान्याच्या दुकानातून रिकामी पोती आणत, उकळत्या पाण्यात धूत आणि दाभणानं शिवत. सगळा जन्म तारेच्या जाळीवर उभं राहिलेल्या कुत्र्यांची बोटं फाकलेली असतात. गुळगुळीत फरशीवर ती घसरतात, आणि एकदा घसरली की भीतीनं दोन-दोन दिवस जागचं उठत नाहीत. "रिटायर झाल्यावर हौसेनं फरशी बसवली," सिस्टर सांगत. "नंतर राहणाऱ्या बदलल्या."

कुत्र्यांचेही कारखाने असतात हे मला तोवर माहीत नव्हतं. मी आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिली. दौलताबादच्या पलीकडं आमचं गाव. आमच्याकडं मेंढरं आहेत आणि मेंढरांबरोबर कुत्री आहेत. ती कुठून येतात हा प्रश्न कुणाला पडत नाही. शहरातली कुत्री विकत घेतात एवढं ऐकलं होतं. पण शहराबाहेर कुठंतरी पत्र्याचं शेड असतं, त्यात एकावर एक पिंजरे असतात, त्या पिंजऱ्यांत फक्त आया असतात, महिन्याची झाली की पिल्लं काढून नेतात आणि आईला पुन्हा गाभण करतात, हे मला सिस्टरांनी सांगितलं. तिच्यानं होईनासं झालं की तिला रस्त्याच्या कडेला सोडून देतात. शहरातली काही पोरं-पोरी मिळून अशा शेडमधून कुत्री सोडवून आणत आणि त्यांच्यासाठी घरं शोधत. पिल्लांना घरं मिळत. आयांना कुणी विचारत नसे.

सिस्टर फक्त आयाच घेत.

त्या पस्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, त्यातली बहुतेक बाळंतपणाच्या वॉर्डात. निवृत्त झाल्या तरी साडीवर खांद्यापाशी उलटं टाचलेलं घड्याळ त्यांनी काढलं नव्हतं. लग्न केलेलं नव्हतं. कुणी कारण विचारलं की म्हणत, "ड्यूटी बदलून मिळाली नाही." गल्लीत त्यांचं खरं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं. मला ते घरभाड्याच्या कागदावर एकदाच दिसलं. मीही त्यांना सिस्टरच म्हणायचे.

कुत्र्यांना त्यांनी नावं ठेवली नव्हती. "नाव आईबापानं ठेवायचं. मी कोण?" असं त्यांचं म्हणणं. म्हातारी लॅब्रॅडोर म्हणजे थोरल्या बाई. चपट्या नाकाची, घोरणारी पग म्हणजे मधल्या बाई. पलंगाच्या कडेला भिंतीत खिळे होते आणि एकेका खिळ्याला पुठ्ठ्यावर चिमट्यानं लावलेला एकेकीचा केसपेपर. सिस्टर रोज सकाळी नाडी बघत, कान बघत, आणि बारीक, सरळ अक्षरात लिहीत. "थोरल्या बाई. झोप बरी. भाकरी अर्धी. उजवा कान साफ केला, तक्रार केली." "मधल्या बाई. घोरणे नेहमीप्रमाणे. दूधवाल्यावर भुंकल्या, कारण होते."

राहायला आल्यावर दोन महिन्यांनी मला तिसरा खिळा दिसला. त्यावरचा कागद माझा होता. "वरची मुलगी. डबा तसाच परत. घरून फोन आल्यावर रडली. इंग्रजीचा पेपर असावा." मी तो वाचला हे त्यांना कळलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी खाली लिहिलेलं होतं, "दुसऱ्याचा केसपेपर वाचू नये." पण कागद काढला नाही, आणि त्या संध्याकाळपासून रात्रीचं जेवण मी खालीच करू लागले.

त्यांचा एक प्रश्न गल्लीत ठरलेला होता. कुणी लहान पिल्लू आणलं की सिस्टर चष्मा लावून बघायला जात आणि विचारत, "आई कशीय?" समोरच्या बंगल्यातल्या काकांनी नातवाच्या वाढदिवसाला पिल्लू आणलं, गळ्यात लाल रिबीन. अर्धी गल्ली कौतुकाला जमलेली. सिस्टर गेल्या.

"आई कशीय?"

"कुणाची?" काका म्हणाले.

"याची."

"अहो सिस्टर, हे दुकानातून आणलंय. त्याची आई मला कुठून ठाऊक?"

"दुकानात काय झाडाला लागलं होतं?"

काका महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. मग पिल्लाला जुलाब सुरू झाले आणि काका स्वतःच पिल्लू टॉवेलात गुंडाळून आमच्या दारात आले. सिस्टरांनी काही बोलून दाखवलं नाही. दोन दिवस दर तासाला पिल्लाच्या तोंडात थेंब थेंब पाणी घातलं. पिल्लू देताना एवढंच म्हणाल्या, "बाळ बघायला सगळे येतात. मी वॉर्डात बघितलंय. पेढे घेऊन येतात, टोपडं घेऊन येतात. आईच्या खाटेकडं पाठ करून उभे राहतात."

माझे वडील, आबा, एकदा मला भेटायला आले होते. खांद्यावर घोंगडी, हातात भाकरीचं गाठोडं. पोत्यावरून चालायचं सांगितल्यावर ते आनंदानं चालले, फरशीवर त्यांनाही भरवसा नव्हता. बसल्यावर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "व्हय गं, मला म्हणली बसा. अन् कुत्रीला म्हणली, अहो, बसता का. मोठं कोन हाय ह्या घरात?"

"हळू बोला आबा."

पण आबा थोरल्या बाईंकडं बघत होते. त्यांनी हात लावला नाही, नुसतं वाकून पोट बघितलं, लोंबलेले सड बघितले. "ही लई येळा व्यालेली हाय," ते म्हणाले. आता आवाज वेगळा होता. "वर्साला दोन-दोन वेतं व्हत असत्याल. मेंढीला बी आमी दम खाऊ देतो. कुनी केलं हे?"

सिस्टर स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. आत गेल्या आणि आबांसाठी दुसरा चहा घेऊन आल्या. दुसरा चहा त्या कुणालाही देत नसत.

निघताना आबा उंबऱ्यात थांबले. "आमच्यात कुत्रं घरात घेत नाय बाई. मी पोरीला बोलनार व्हतो. पर ह्या कुत्र्या नायत, बाळंतिनी हायत. बाळंतिनीला घरातच ठिवत्यात." मग थोडं अडखळून, "एक सांगू का? बरी झाली की मोकळं सोडत चला. आमच्यात कुत्र्याला दोरी नसती. बांधलेलं कुत्रं भितं."

हे वाक्य माझ्या मनात राहिलं. पुढं जे झालं त्याचा दोष मी आबांना देत नाही. त्यांनी त्यांच्या कुत्र्यांबद्दल सांगितलं होतं.

नव्या बाई आल्या तेव्हा मी दुसऱ्या वर्षाला होते. कुत्री सोडवणाऱ्या मंडळींपैकी एक मुलगा आणि एक मुलगी त्यांना रिक्षातून घेऊन आले, शेडमधल्या पिंजऱ्यासकट, कारण नव्या बाई पिंजऱ्यातून निघायलाच तयार नव्हत्या. जात पॉमेरेनियन, रंग पांढरा असावा. केसांच्या जटा झालेल्या, पुढचे दात तार चावून चावून झिजलेले. पिंजरा एवढाच की उभं राहिलं तर पाठ वर टेकावी. मुलगा म्हणाला, "सिस्टर, मी हात घालून ओढून काढू का?"

"खबरदार," सिस्टर म्हणाल्या. "आजवर यांना ओढूनच काढलंय. माझ्या घरात कुणी ओढायचं नाही."

पिंजऱ्याचं दार उघडं ठेवून त्यांनी समोर पाण्याचं भांडं ठेवलं. दोन दिवस नव्या बाई हलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी मी खाली आले तर सिस्टर मोरीच्या दाराआड लपून बघत होत्या आणि नव्या बाई भांड्यातून पाणी पीत होत्या. चारी पाय पिंजऱ्याबाहेर. सिस्टरांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. पाणी पिऊन नव्या बाई पलंगाखाली शिरल्या, तशा सिस्टर तरातरा गल्लीत गेल्या आणि भंगारवाल्याला हाक मारून घेऊन आल्या. पिंजरा त्याला फुकट दिला, पण एका अटीवर, माझ्यासमोर वाकव. तो बिचारा पिंजऱ्यावर उभा राहून नाचला. सिस्टरांनी त्याला पेढा दिला. केसपेपरवर लिहिलं, "तिसरा दिवस. पाणी स्वतः प्यायल्या. पिंजरा रवाना."

त्यानंतरच्या नोंदी मात्र लांबत गेल्या आणि त्यांत काहीच घडत नव्हतं. "पलंगाखालीच." "पलंगाखालीच. थरथर आहे." पलंगाखाली दोन ट्रंका होत्या, त्यांच्या फटीत नाक कोपऱ्याला लावून नव्या बाई बसत. खोलीत कुणी असलं तर खात नसत. सिस्टरांनी मग भिंतीकडं तोंड करून जमिनीवर जेवायला सुरुवात केली. म्हणजे नव्या बाईंना वाटावं, आपल्याकडं कुणी बघत नाही. दीड महिना त्या स्वतःच्याच घरात भिंतीकडं तोंड करून जेवत होत्या. मलाही तसंच बसवत. आम्ही दोघी भिंतीशी बोलत जेवायचो. एक दिवस लिहिलं होतं, "दाराबाहेरच्या पायरीकडे पाहिले." त्या दिवशी त्यांनी शिरा केला.

मला हे सगळं बघवत नसे, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही येई. सिस्टर फार जपतात असं वाटे. आमच्याकडं पिल्लू मेंढरांत वाढतं, मेंढरांतच झोपतं. आबा पुढं चालू लागले की मागं न बघता चालतात. कुत्रं मागून येणारच. कधी हरवत नाही. मला वाटायचं, एकदा हिला माती लागू दे, वारा लागू दे, म्हणजे बघा.

सिस्टरांच्या भाच्याचं लग्न जालन्याला होतं. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच त्या दिवसभर बाहेर जाणार होत्या. नवी साडी नेसल्या, घड्याळ तिच्यावरही टाचलं, आणि माझ्या हातात ड्यूटीचा कागद दिला. नव्या बाईंच्या नावापुढं होतं, "मागच्या अंगणात दहा मिनिटे. उचलून न्यावे. पट्टा सोडू नये." मी ते वाचलं होतं. वाचलं नव्हतं असं मी कुणालाही सांगितलेलं नाही.

घरामागं एक रिकामा प्लॉट होता, बकऱ्या चरायच्या. सकाळचं ऊन होतं, गवत ओलसर होतं. मी नव्या बाईंना अंगणाऐवजी तिथं नेलं, खाली ठेवलं आणि पट्टा काढला. त्या उभ्या राहिल्या. पळाल्या नाहीत, बसल्या नाहीत. माझा आत्मविश्वास वाढला. मी आबांसारखं जिभेनं टक् टक् केलं आणि मागं न बघता चालायला लागले. वीसेक पावलं गेले असेन. शेजारच्या बांधकामावर काँक्रीटचा मिक्सर धडधडत सुरू झाला. मी वळून बघितलं तर गवतावर कुणी नव्हतं.

मग मी पळत सुटले. आधी प्लॉट, मग बांधकाम, मग गल्ल्या. आणि तेव्हा लक्षात आलं की हाक काय मारायची? तिला नाव नव्हतं. शेवटी जे तिच्या कानावर पडत होतं तेच ओरडले, "अहो नव्या बाई! अहो!" एका गॅलरीतून हिरवा चुडा भरलेली एक सून वाकली, "काय गं, मला बोलवतेस का?" मागून तिची सासू, "कोण पाहिजे? आमची नवी सून आहे, बाई नाही अजून." मोटारसायकलवरची दोन पोरं कोपऱ्यापर्यंत माझ्या मागून "अहो नव्या बाई" ओरडत आली. मी रडत होते आणि हाका मारत होते. दुपार झाली, कॉलेज बुडालं, जेवण झालं नाही. मी त्याच गल्ल्या पुन्हा पुन्हा फिरत होते.

पाचच्या सुमाराला सिस्टर रिक्षातून उतरल्या. मी पायरीवर बसले होते, हातात पट्टा. त्यांनी पट्टा बघितला.

"किती वाजता?"

"साडेनऊ."

"कुठं?"

"मागं. प्लॉटवर. मी सोडलं. आमच्याकडं कुत्री मोकळीच..."

"अक्कल गहाण टाकलीस का?" तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. समोरचे काका बाहेर आले. "लिहून दिलं होतं ना? वाचता येतं ना? कॉलेजात जातेस ना? तुम्हा खेड्यावरच्या लोकांना एकदा सांगून..."

तिथं त्या थांबल्या. तोंड उघडंच राहिलं. मग माझ्याशेजारी पायरीवर बसल्या, नव्या साडीची पर्वा न करता.

"हाच आवाज," त्या म्हणाल्या. "वॉर्डात हाच लावायचे मी. खेड्यावरून आलेल्या बाया, तुझ्या आईसारख्या. कळांनी ओरडायच्या, आणि मी त्यांच्यावर ओरडायचे. अक्कल आहे का. लिहून दिलं होतं ना. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यावरही असंच. पस्तीस वर्षं. एकीलाही अहो म्हटलं नाही गं मी."

माझी आई मेंढरांच्या तळावरच बाळंत झाली होती. दवाखान्यात का गेली नाहीस असं विचारलं की ती म्हणायची, तिथं वरडत्यात. हे मी सिस्टरांना तेव्हा सांगितलं नाही, नंतरही नाही.

त्यांनी डोळे पुसले, खांद्यावरच्या घड्याळात बघितलं. आवाज पुन्हा त्यांचा झाला.

"तू कुठं कुठं बघितलंस?"

"सगळ्या गल्ल्या. मोकळी जागा सगळी. बागेत पण."

"मोकळ्या जागी कशाला जातील त्या? मोकळं त्यांना काय माहितीय?" त्या उठल्या. "जाळी कुठंय ते सांग. या भागात जाळीचे पिंजरे कुणाकडं आहेत?"

पहिल्या चिकनच्या दुकानात गर्दी होती आणि पिंजरे कोंबड्यांनी भरलेले होते. दुसरं दुकान आतल्या रस्त्यावर. माल संपलेला, शटर अर्धं खाली. दुकानवाले चाचा पाइपनं फरशी धूत होते. सिस्टरांनी वाकून आत बघितलं. आम्ही काही विचारायच्या आधीच चाचा म्हणाले, "वो सफेद वाली? तुमारी है क्या अम्मा? सुबा से बैठी है."

सगळ्यात खालच्या रिकाम्या पिंजऱ्यात, मागच्या कोपऱ्याला नाक लावून नव्या बाई बसल्या होत्या. अंगावर कोंबड्यांची पिसं चिकटलेली. पिंजऱ्याचं दार सताड उघडं.

"दरवाजा खुल्लाच रख्या मैं," चाचा सांगत होते. "हकाल्या तो बी नई निकली. पाव डाल्या, खाई नई. मेरेकू तो समजाच नई. इस पिंजरे में अपने मन से कोई नई आता अम्मा."

"हात तो नई लगाये ना?"

"नई. डरी हुई है, कायकू लगाऊँ?"

सिस्टर ओल्या फरशीवर मांडी घालून बसल्या. "अहो," त्या हळूच म्हणाल्या, "सापडलात." नव्या बाईंनी मान वळवली नाही, पण एक कान मागं झाला.

मी हात पुढं केला. मला तिला उचलून छातीशी धरायचं होतं, माफी मागायची होती. सिस्टरांनी माझं मनगट धरलं. "नाही. आपल्याला बरं वाटावं म्हणून नाही ओढायचं." मग पिंजऱ्याकडं बघून म्हणाल्या, "माझंच चुकलं बघ. तीन दिवसांत पिंजरा मोडून टाकला. पेढे वाटले. तो पिंजरा मला बघवत नव्हता म्हणून मोडला. यांना विचारलंच नाही. दुसरी जागा त्यांच्या ओळखीची व्हायच्या आधी होती ती काढून घेतली."

चाचांनी पाइप बंद केला. "ऐसा करो अम्मा, पिंजरे के सात लेके जाव. मेरे पास दुसरा है."

सिस्टरांनी मान हलवली. "दरवाजा काढून द्या."

"दरवाजे बगैर पिंजरा कायका?"

"मग त्याला खोली म्हणू."

चाचा हसले आणि पक्कड घेऊन आले. बिजागरीची तार तोडताना आवाज होऊ नये म्हणून त्यांनी तिच्यावर फडकं धरलं. शेजारच्या फळवाल्याचा हातगाडा मिळाला. खाली आमच्या दोघींच्या ओढण्या-शाली घातल्या, वर पिंजरा, पिंजऱ्यात नव्या बाई. मी ढकलत होते, चाचा पुढून धरत होते, आणि सिस्टर बाजूनं चालत सांगत होत्या, "अहो, आता खड्डा आहे. आता वळण. सांभाळून बसा." दिवे लागायची वेळ. माणसं थांबून बघत होती. समोरच्या काकांनी फाटकातून विचारलं, "काय सिस्टर, आता कोंबड्या पाळताय?"

"बाजूला व्हा," सिस्टर म्हणाल्या. "पेशंट आहे."

त्या संध्याकाळी केसपेपर मला लिहायला लावला. मी लिहिलं, "माझ्या चुकीमुळे हरवल्या. सापडल्या." सिस्टरांनी पेन घेतलं. दवाखान्यात खोडायचं नसतं, एकच रेघ मारून बाजूला सही करायची असते. त्यांनी 'माझ्या' या शब्दावर एक रेघ मारली, वर 'दोघींच्या' असं लिहिलं आणि सही केली. मग मला वाढलं.

पिंजरा पलंगाशेजारी राहिला. सिस्टरांनी तो गरम पाण्यानं तीनदा धुतला, तळाला जुन्या साडीची घडी घातली, आणि खरंच त्याला खोली म्हणू लागल्या. "नव्या बाई खोलीत आहेत, हळू बोल." जी त्यांना बघवत नव्हती ती जाळी आता त्या रोज पुसत होत्या. आणि जे दोन महिने पलंगाखाली झालं नाही ते त्या खोलीतून हळूहळू होऊ लागलं. नव्या बाई दाराशी येऊन बसू लागल्या. मग पुढचे दोन पाय बाहेर. मग मधल्या बाईंच्या ताटलीत नाक. एकदा मी विसरून भिंतीऐवजी त्यांच्याकडं तोंड करून जेवायला बसले, तरी त्या खात राहिल्या. सिस्टर मला डोळ्यांनी दटावत होत्या आणि हसत होत्या. पण घाबरल्या की पुन्हा आत, आणि आत गेल्या की कायम गोळा होऊन, शेपटीत नाक खुपसून. मी त्यांना झोपलेलं कधी वेगळं पाहिलं नव्हतं. पिंजऱ्यात वाढलेल्या जिवाला पाय लांब करायला जागाच मिळालेली नसते, त्यामुळं पाय लांब होतात हेच त्याला ठाऊक नसतं, असं सिस्टर म्हणत.

मार्च महिना असावा. मी सकाळी दप्तर घेऊन खाली आले. पहिलं लेक्चर साडेआठचं होतं आणि मला आधीच उशीर झाला होता. खोली रिकामी होती. पलंगाखाली बघितलं, ट्रंकांच्या मागं बघितलं. पुढचं दार सताड उघडं होतं. मी ओरडणार, तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून सिस्टरांनी ओठांवर बोट ठेवलं आणि उंबऱ्याकडं मान केली.

उंबऱ्यावर कोवळं ऊन आलं होतं. त्या उन्हात नव्या बाई कुशीवर पडल्या होत्या, चारी पाय सरळ, ताणलेले, पोट उघडं. मान मागं टाकलेली. त्या केवढ्या लांब आहेत हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. पंजा मधेच हलत होता, स्वप्नात कुठंतरी चालत असाव्यात. बाहेर रिक्षा गेली, कुकरची शिट्टी झाली. त्या उठल्या नाहीत.

"सिस्टर, मला उशीर होतोय," मी कुजबुजले.

"मग?"

"त्यांच्या वरून जाऊ?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी पुढं विचारलं नाही.

"मागच्या दारानं जाते."

"मागची कडी वाजते. बस खाली."

मी बसले. सिस्टरही गुडघ्याला हात लावून हळूच माझ्याशेजारी बसल्या. दूधवाला फाटकाशी आला, सिस्टरांनी हातानं खूण केली. त्यानं पिशवी भिंतीवर ठेवली आणि चवड्यांवर चालत परत गेला. लेक्चरची वेळ होऊन गेली, मग दुसऱ्या लेक्चरचीही. ऊन आत सरकलं. सिस्टरांनी मधे एकदा घड्याळ बघण्यासाठी खांद्याकडं मान वळवली आणि न बघताच परत फिरवली.

दहा वाजून गेल्यावर नव्या बाईंनी डोळे उघडले. आम्हा दोघींना एवढ्या जवळ बसलेलं बघितलं. मग पुन्हा मिटले.